पोळ्याचा बैल कोणी काढायचा?

पोळा तोंडावर आला की विदर्भातल्या बहुतेक शाळांच्या फळ्यावर एक बैल उमटतो. डावीकडे तोंड, उंच वशिंड, पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांची माळ. गुरुजी काढतात आणि मुलं तो वहीत उतरवतात. वर्गात एखादं मूल अंध असेल तर ‘तुला जमणार नाही’ असं त्याला कोणी म्हणत नाही. इतकी कठोर आपली माणसं नसतात. त्याला सांगतात, ‘तू गाणं म्हण.’ हात ताठ राहणाऱ्या मुलीला छापील बैल मिळतो, नुसता रंग भरायला. रंग रेघेबाहेर गेला की शेजारची मैत्रीण तो पूर्ण करून देते आणि खाली ‘छान’ असा शेरा पडतो. कर्णबधिर मुलगा शेजाऱ्याच्या वहीत बघून बैल काढतो, कारण गुरुजी जे बोलले ते फळ्याकडे तोंड करून बोलले. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा त्रास असलेला मुलगा त्या दिवशी शाळेत आलेलाच नसतो.

चौघंही पटावर आहेत. समावेशित शिक्षणाच्या तक्त्यात चौघांच्या नावापुढे खूण आहे. पण चित्रकलेच्या तासाला चौघांपैकी एकानेही स्वतःचा बैल केलेला नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की हा दोष त्यांच्या डोळ्यांचा, कानांचा, हातांचा किंवा रक्ताचा नाही. चित्र म्हणजे डोळ्यांनी बघून कागदावर नीटनेटकं उतरवलेलं, ही जी व्याख्या आपण शाळेत रुजवली आणि परीक्षेने पक्की केली, तीच या चौघांच्या वाटेत आडवी आली आहे. ती व्याख्या गुरुजींनी वर्गात बदलायला हवी आणि शासनाने परीक्षेत.

कायद्याने यातलं बरंचसं आधीच सांगून ठेवलं आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातली अपंगत्वाच्या २१ प्रकारांची यादी शाळांना पाठ असते, कारण ती प्रमाणपत्राला लागते. कलम २९ मात्र कोणी वाचत नाही. संस्कृती आणि मनोरंजनाविषयीच्या या कलमात कला दिव्यांगांना सुलभ करणं, कलावर्गातला त्यांचा सहभाग सुकर करणं, आणि सांस्कृतिक व कलाविषयांचे अभ्यासक्रम त्यांना भाग घेता येईल अशा रीतीने नव्याने आखणं, या सगळ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कायदा अभ्यासक्रम बदला म्हणतो. आपण मात्र मुलालाच अभ्यासक्रमात कसंबसं बसवतो, आणि बसलं नाही की गाणं म्हणायला लावतो.

ही उलटापालट समजून घ्यायला अपंगत्व-अभ्यास ही ज्ञानशाखा कामाला येते. १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या अपंगांच्याच एका संघटनेने मांडणी केली की शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि समाजाच्या रचनेने लादलेलं अपंगत्व ही दुसरी. पुढे १९८० च्या दशकात ब्रिटिश अभ्यासक माइक ऑलिव्हर यांनी या विचाराला सामाजिक प्रतिमान असं नाव दिलं. पायऱ्या आहेत म्हणून चाकाची खुर्ची अडते, हे उदाहरण सगळ्यांना पटतं. फळ्यावरचा बैल हीसुद्धा तशीच पायरी आहे, हे पटायला वेळ लागतो. पण याच अभ्यासशाखेत, विशेषतः त्यातल्या स्त्रियांनी, पुढे हेही बजावलं की सगळं दुखणं रचनेत नसतं. वेदना, थकवा, आजारपण हे शरीरातलंच असतं, ते नाकारूनही चालणार नाही. विदर्भात ही दुसरी बाजू फार महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे, विशेषतः पूर्व विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात, सिकलसेल घरोघरी माहीत असलेला आजार आहे आणि तोही त्या २१ प्रकारांत येतो. हे मूल चालतं, बोलतं, बघतं, ऐकतं. त्याचं अपंगत्व दिसत नाही. ते फक्त मधूनमधून आठवडाभर गायब होतं आणि परत येतं तेव्हा सगळ्यांचे बैल रंगवून झालेले असतात.

कलाशिक्षक कुठे आहेत, हा प्रश्न इथे येणारच. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तरच कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. मेळघाटातल्या, भामरागड-एटापल्लीतल्या किंवा झरी-जामणीतल्या किती शाळांत तीन वर्गांची मिळून शंभर मुलं भरतात? म्हणजे जिथे गरज मोठी, तिथे तरतूदच नाही. पटसंख्येची ही अट कलेपुरती काढून, एका केंद्रातल्या, म्हणजे शाळांच्या एका गटातल्या, आठ-दहा शाळांना मिळून एक फिरता कलाशिक्षक द्यावा, ही मागणी केंद्राकेंद्रातल्या शिक्षण परिषदांतून वर गेली पाहिजे. तोवर हा तास वर्गशिक्षकाच्याच अंगावर आहे. म्हणून पुढचं सगळं त्यांच्या हाताला येईल अशा साहित्यातलं आहे.

बैल मातीचा करू. माती निवडण्याचं कारण भावनिक नाही. माती डोळ्यांशिवाय कळते, रेघेबाहेर जात नाही आणि चुकलं तर पुसायला खोडरबर लागत नाही. कुंभाराकडची माती मिळाली तर उत्तम. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडे जुन्या मालगुजारी तलावांचा गाळ चालतो. वऱ्हाडात आणि यवतमाळकडे हाताशी येते ती काळी माती, आणि इथेच पहिली फसगत होते. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. नुसत्या काळ्या मातीचा बैल दुसऱ्या दिवशी पोटाशी फाटतो. म्हणून तीन भाग मातीला एक भाग बारीक वाळू घालावी आणि वर मूठभर कापूस, सरकी काढून, बोटांनी पिंजून मळावा. कापसाचे तंतू मातीला धरून ठेवतात. माती दोन रात्री भिजवून पातळ करून चाळणीतून गाळावी. हे गाळणं टाळू नये. काच, बाभळीचा काटा, शिंपल्याचा तुकडा बघणाऱ्या मुलाला दिसतो. जे मूल बोटांच्या टोकांनीच माती वाचणार आहे, त्याला तो रुततो. आणि ज्याच्या हाताची संवेदना कमी झाली आहे, त्याला रुतलेलाही कळत नाही.

पंचवीस मुलांना माणशी अर्धा किलो धरली तर दोन घमेली माती पुरते. तयार झाली का हे बघायला पेन्सिलीइतकी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. तडकली तर कोरडी किंवा वाळू जास्त, बोटाला चिकटून राहिली तर ओली. चाळीस मिनिटांच्या दोन तासिका सलग घ्याव्यात. हात धुवून वही उघडेपर्यंत घंटा होते, असा तास या कामाला उपयोगाचा नाही.

आता बैल बघायचा. बघणं म्हणजे काय, याचा विचार इथे करावा लागतो. आपल्याकडे तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांच्या पोळ्यासाठी, घरोघरी लाकडी नंदी असतात. एकाच आकाराचे नाहीत, वेगवेगळे तीन-चार मागवून घ्यावेत. अंध मुलीच्या हातात आधी सर्वांत लहान नंदी द्यावा, जो दोन्ही तळव्यांत मावतो. संपूर्ण आकार एकदम हातात आला की मग मोठ्यावर तपशील शोधता येतो. उलट क्रमाने दिलं तर तिला एक पाय, मग पोट, मग आणखी एक पाय असे सुटे तुकडे मिळतात आणि ते डोक्यात जोडण्यातच तास जातो. डोळे संपूर्णाकडून तपशिलाकडे जातात, हात तपशिलाकडून संपूर्णाकडे. म्हणून लहान नंदी आधी.

त्यानंतर जमल्यास खरा बैल. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी, बैलाच्या मानेला आणि खांद्याला हळद-लोणी लावतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं त्याला सांगतात. पण मातीचे बैल त्याआधी वाळायला हवेत, म्हणून तोवर न थांबता आधीच गरीब स्वभावाचा एखादा बैल, धनी कासरा धरून उभा असताना, खांद्याच्या बाजूने हात लावून बघता येतो. मागून जायचं नाही आणि गर्दी करायची नाही. जू घासून घट्ट झालेली ती कातडी, वशिंडाचा मऊ ढिगारा, श्वासासरशी वर-खाली होणारं पोट यातलं काही फळ्यावरच्या बैलात नसतं. डोळस मुलांनीही डोळे मिटून हात लावावा, पण ‘अंध असणं कसं वाटतं’ ते कळावं म्हणून नाही. दोन मिनिटं डोळे मिटल्याने ते कळत नाही, उलट भीती आणि कीव तेवढी हाती लागते. त्यांनी डोळे मिटावेत ते बैल नीट कळावा म्हणून.

मग करायला बसायचं. मुठीएवढा गोळा धडासाठी, अंगठ्याएवढ्या चार वळ्या पायांसाठी, एक डोक्यासाठी आणि चिमूटभर वशिंडासाठी. पाय आखूड आणि जाड हवेत, लांब केले की ओलेपणी वाकतात. जोड देताना दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढून, मध्ये मातीचा पातळ चिखल लावून, मग दाबायचं. ओरखड्यांशिवाय चिकटवलेला पाय वाळल्यावर हमखास गळतो. पाय लागले की बैल अर्धा तास पाठीवर उलटा ठेवावा, म्हणजे पायांना ताठपणा येतो. शिंगांना मातीच लागते असं नाही, तुऱ्हाटीचे किंवा पऱ्हाटीचे, म्हणजे तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांचे, वाळके तुकडे ओल्या डोक्यात खोचले की झालं.

अंध मुलीला हे दाखवताना बहुतेक शिक्षक मायेने तिचा हात धरतात आणि तिच्या हाताने बैल घडवतात. हातावर हात. बैल होतो, पण तो शिक्षकाचा होतो. तिच्या बोटांना कळतं ते एवढंच की आपला हात आता दुसऱ्याच्या ताब्यात आहे. याऐवजी हाताखाली हात द्यावा. आधी नाव घेऊन सांगायचं की मी पाय कसा जोडतो ते दाखवतोय, माझ्या हातावर हात ठेव. शिक्षकाचे हात खाली काम करतात आणि तिचे हात वरून ते वाचतात. हवं तेव्हा तिला हात काढून घेता येतो. एकदा बघून झालं की शिक्षकाने आपले हात मागे घ्यायचे आणि तिथून पुढे तिच्या मातीला बोट लावायचं नाही. हा फरक वरवर लहान वाटतो. अपंगत्व-अभ्यासाचं निम्मं सार मला त्यात दिसतं.

कर्णबधिर मुलासाठी वेगळी काळजी. तो एका वेळी एकच गोष्ट बघू शकतो, शिक्षकाचे हात किंवा शिक्षकाचं तोंड. हात चालवत बोलणारा शिक्षक त्याच्यासाठी अर्धाच शिकवतो. आधी सांगावं, थांबावं, मग न बोलता करून दाखवावं, पुन्हा थांबावं. मुलं अर्धगोलात बसली तर त्याला सगळ्यांचे हात दिसतात. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये. मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो आणि ओठ वाचता येत नाहीत. अल्पदृष्टी असलेल्या मुलालाही तोंडावर येणारा उजेड त्रास देतो, त्याची खिडकी त्याच्या पाठीशी किंवा बाजूला हवी. त्याच्यासाठी पाटावर पांढरं फडकं अंथरून वर काळी माती द्यावी, म्हणजे आकाराची कड दिसते. काळ्या लादीवर काळी माती दिली की त्याचे डोळे माती शोधण्यातच थकतात.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी, असलेल्या मुलीच्या बाबतीत सगळे हाताकडे बघतात. सुरुवात पायापासून करावी. पाय लटकत असतील तर धड डुगडुगतं आणि धड सावरण्यात हात गुंततात. पायांखाली दोन विटा, पाठीला आधार, पाट कोपराच्या उंचीला. पाट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. माती इतरांपेक्षा थोडी ओली आणि गोळा मोठा, कारण ताठ हाताला बारीक वळी जमत नाही पण तळव्याने दाबणं जमतं. तिचा बैल उभा न राहता पाटावर बसलेला, उठावाचा असू शकतो. रंगवताना कुंचल्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की पकड जाड होते आणि घसरत नाही. कुंचला हाताला बांधायचा असेल तर आधी तिला विचारावं, तिने हो म्हटलं तरच. आणि हात अजिबात साथ देत नसेल तर ती सांगेल आणि सोबती करेल, हेही चित्रच आहे. अट एकच, सोबत्याने स्वतःच्या मनाने एक टिकलीही वाढवायची नाही. तिने ‘शिंग वाकडं’ म्हटलं तर शिंग वाकडंच.

कुणाला ओल्या मातीचा स्पर्शच सहन होत नाही, स्वमग्न मुलांत हे पुष्कळदा दिसतं. तिथे जबरदस्ती करून ‘सवय’ लावू नये. माती प्लास्टिकच्या पिशवीत भरून बाहेरून दाबायला द्यावी, किंवा कडबा-तणसाचा बैल सुतळीने बांधू द्यावा. पोळ्याच्या ढोलताशाजवळ त्याला उभं करायची गरज नाही.

आणि तो गायब होणारा मुलगा. सिकलसेलमध्ये थंडी, भिजणं, पाणी कमी पिणं, अंगमेहनत यांनी वेदनेचा झटका उठू शकतो. पोळा भर पावसाळ्यात येतो. त्याच्यासाठी माती कोमट पाण्यात भिजवलेली असावी, पाण्याची बाटली शेजारी असावी, आणि पाणी प्यायला किंवा लघवीला जायला परवानगी मागावी लागू नये. उकिडवं बसून सांधे दुखत असतील तर बाक द्यावा. पण यापेक्षा मोठी सोय म्हणजे त्याची माती. प्रत्येक मुलाचा अर्धवट बैल ओल्या गोणपाटात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत नाव घालून ठेवायचा. असा तो सहज आठवडाभर काम करण्याजोगा राहतो. मूल सहा दिवसांनी आलं तरी त्याचा बैल तिथेच थांबलेला असतो. त्याच्यासाठी म्हणून वेगळी व्यवस्था नको, सगळ्यांचेच बैल तसे ठेवावेत. शेतीच्या कामाला गेलेल्या, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिलेल्या मुलींनाही त्याचा उपयोग होतो.

बैल तयार झाले की सर्वांत अवघड गोष्ट सुरू होते, ती म्हणजे शिक्षकाचा शेरा. अंध मुलीच्या बैलाचं वशिंड धडाएवढं असतं, शिंगं पायांपेक्षा लांब, शेपूट नाहीच. शिक्षकाचा हात शिवशिवतो. पण तिच्या हातांना बैलात जे मोठं लागलं ते तिने मोठं केलं. विएन्नाच्या अंधशाळेत शिकवणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९३० च्या दशकात हेच नोंदवलं होतं, की काही मुलं डोळ्यांच्या प्रमाणाने घडवतात आणि काही अंगाच्या अनुभवाच्या प्रमाणाने, आणि दुसऱ्या प्रकारची मुलं डोळसांतही असतात. प्रमाण चुकलं असा शेरा मारण्याआधी एवढंच विचारावं की हे इतकं मोठं का केलं, शेपूट का सोडलं. उत्तर आलं की निर्णय होता. ‘राहिलं’ असं उत्तर आलं तर पुन्हा नंदी हातात द्यावा.

कागदावरचं चित्र मग अंध मुलांनी करायचंच नाही का? करायचं. पुठ्ठ्यावर खिडकीची धातूची जाळी ताणून बसवावी, कडा चिकटपट्टीने झाकाव्यात म्हणजे टोचत नाहीत. वर साधा पातळ कागद आणि त्यावर मेणाचा खडू दाबून ओढला की रेघ दाणेदार उमटते आणि बोटाला लगेच कळते. नायलॉनची मच्छरदाणी वापरू नये, ती सैल पडते. मेणखडू एप्रिलच्या उन्हात मऊ होऊन मोडतात, तेव्हा ते माठाजवळ ठेवावेत. फेविकॉलची धार सोडून त्यावर रांगोळी भुरभुरली की उठावाची रेघ मिळते, पण पावसाळ्यात ती रात्रभर वाळत नाही आणि मुलांनी घाईने हात लावला की पसरते. दोन उठाव-रेषांमध्ये चार-पाच मिलिमीटर अंतर ठेवावं, नाहीतर बोटाला एकच पट्टा लागतो. एका चित्रात चारपेक्षा जास्त पोत नकोत. बारदाना, पॉलिश कागद, कापूस, तणस एवढे पुरतात. मात्र फळ्यावरच्या बैलाचीच बाह्यरेषा सुतळीने चिकटवून ‘स्पर्शचित्र’ म्हणून देऊ नये. एका बाजूने दिसणाऱ्या बैलाचे पलीकडचे पाय झाकलेले असतात, हा डोळ्यांचा संकेत आहे. हाताला दोन पायांचा बैल लागतो.

हे सगळं वर्गात करून ठेवलं तरी आठवी-नववीत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट येतात आणि केलेलं उलटं फिरतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. शासनाच्या या रेखाकला परीक्षांनी खेड्यापाड्यातल्या किती मुलांना कलेची वाट दाखवली, हे मी विसरत नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीत मिळतात, म्हणजे ही केवळ हौसही नाही. पण समोर ठेवलेला तांब्या जसा दिसतो तसा काढणं, हेच जर मोजायचं असेल तर अंध मुलाला ते गुण कधीच मिळू शकत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा आणि लेखनिक दिला. चित्राच्या परीक्षेत लेखनिकाने काय करायचं? तो काढेल तर चित्र त्याचं. आणि जादा वेळाने तांब्या दिसायला लागत नाही.

बदल अशक्य नाहीत. वस्तुचित्रासाठी वस्तू हातात घेऊ द्यावी आणि उत्तर मातीत किंवा जाळीच्या पाटावर घ्यावं. स्मरणचित्र उठावात घ्यावं, संकल्पचित्र पोतांच्या चिकटकामात. भूमिती उठावाच्या रेघा काढणाऱ्या रबरी पाटावर होते, अंधशाळांतून ती वर्षानुवर्षं शिकवली जाते. तपासणाऱ्याला वेगळी गुणतालिका द्यावी. निरीक्षण, मांडणी, निवड, साहित्यावरची पकड. ‘दर्जा घसरेल’ म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी शांतिनिकेतनकडे बघावं. तिथले चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी आधीपासूनच अधू होती आणि १९५६-५७ च्या सुमारास ती पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चिकटचित्रं केली आणि १९७२ मध्ये तिथल्याच कला भवनात टाइल्सचं मोठं भित्तिचित्र उभारलं. आपल्या इंटरमिजिएटला ते बसले असते तर कोरा कागद देऊन परत गेले असते.

एक आक्षेप मात्र मला मनापासून मान्य आहे. कर्णबधिरांच्या चळवळीतून तो वारंवार येतो. खुणांची भाषा येणारं एकही माणूस नसलेल्या शाळेत कर्णबधिर मूल बसवणं हा समावेश नव्हे, ते एकटेपण आहे. विशेष शाळेत त्याला निदान बोलायला माणसं मिळतात. म्हणून निवासी विशेष शाळा बंद करून सगळ्यांना गावच्या शाळेत आणा, असं मी म्हणणार नाही. महिन्यातून एकदा विशेष शाळेतली मुलं आणि गावच्या शाळेतली मुलं एकत्र कलेचा तास करू शकतात, आणि त्या दिवशी खुणांची भाषा शिकण्याची पाळी गावच्या मुलांची असावी. तास एकत्र असला म्हणजे कोणी तरी पाहुणा ठरतोच. तो नेहमी एकच का असावा?

शिकवायला माणसं नाहीत, हेही पूर्ण खरं नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेले, बोटं झिजलेले हात वर्षानुवर्षं करघ्यावर आणि सुतारकामात चालले आहेत. गडचिरोली-चंद्रपुरात आणि मेळघाटात बांबूचं काम करणारे, झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे, मूर्ती घडवणारे यांत अपंग कारागीर असतातच. हत्याराला मूठ कशी बांधायची, एका हाताने बांबू पायाखाली धरून कसा सोलायचा, हे त्यांनी स्वतःसाठी शोधून काढलेलं असतं. हे ज्ञान कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत नाही. त्यांना शाळेत बोलवावं, पण शाल-श्रीफळ देऊन प्रेरणादायी भाषण ठोकायला नव्हे. तासिकेप्रमाणे मानधन द्यावं आणि शिकवू द्यावं. दर वर्षी ३ डिसेंबरला ‘माझा दिव्यांग मित्र’ या विषयावर चित्रस्पर्धा होते. डोळस मुलं काळा चष्मा आणि पांढरी काठी काढून बक्षीस घेतात, आणि तो मित्र प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसलेला असतो. त्या स्पर्धेचा खर्च या मानधनाकडे वळवला तर वर्षाच्या काही तासिका निघतील.

बैल पावसाळी हवेत सावलीत वाळायला पाच-सहा दिवस घेतात, म्हणून काम पोळ्याच्या दहा-बारा दिवस आधी सुरू करावं. उन्हात ठेवू नयेत, बाहेरून वाळतात आणि आतून ओले राहून तडकतात. वाळल्यावर गेरू, चुना, हळद, काजळी, एवढे रंग पुरतात. चुना बोटांना लावू नये, कुंचल्यानेच लावावा आणि तो मोठ्या माणसाने कालवून द्यावा. तान्ह्या पोळ्याला मांडायचे तर भिंतीवरच्या फळीवर नकोत, दोन-सव्वादोन फूट उंचीच्या बाकांवर मांडावेत, भोवती चाकाची खुर्ची फिरेल इतकी जागा सोडून. प्रत्येक बैलाशेजारी करणाऱ्याचं नाव शाईने आणि ज्यांना ब्रेल येतं त्यांचं ब्रेलमध्येही. वर पाटी लावावी, ‘हात लावून बघा’. हात लागले की शिंगं मोडणार. ती ओल्या मातीने जोडायला जाऊ नये, वाळलेल्या मातीला ओली माती धरत नाही. बाकाच्या टोकाला फेविकॉलची वाटी आणि तुऱ्हाटीचे चार तुकडे ठेवावेत.